तबकडीची नाडी

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत लोक माळ्यावरची ट्रंक उघडतात. मी गेल्या दिवाळीत वहिनींचा संगणक उघडला आणि थोडक्यात वाचलो!

आमच्या वहिनी नेरूळला सिडकोच्या घरात एकट्या राहतात. दादांना जाऊन तीन वर्षे झाली; त्यांचा संगणक मात्र रोज पुसला जातो. दादांनी काढलेले फोटो त्यात आहेत आणि नातीला सांगितलेल्या गोष्टीही, त्यांच्याच आवाजात. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मदत बंद केली. हे यंत्र जुने. विंडोज ११ त्यावर बसेना.

"भावोजी, यंत्र टाकायचं नाही हं!" वहिनींनी बजावले.

"टाकायचं कशाला? लिनक्स बसवू," मी ऐटीत म्हणालो.

लिनक्स फुकट मिळते. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि जगभरच्या मंडळींनी तो वाढवला. आपल्या सी-डॅकनेही त्यावरून 'बॉस' ही भारतीय आवृत्ती काढली. मी 'मिंट' नावाची आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली, विंडोजच्या शेजारी तिला जागा करून दिली आणि चहा पीत बसलो.

निम्म्यावर गाडी अडली. पडद्यावर 'एरर ५' उमटली. खाली सल्ला असा, की सीडी पुसून पाहा, हार्ड डिस्क जुनी असल्यास बदला, नाही तर यंत्र थंड जागी न्या! ऑक्टोबरात नेरूळला थंड जागा आणायची कुठून? मी पंखा वाढवला आणि पुन्हा कळ दाबली. पुन्हा तेच! तिसऱ्यांदा बोट उचलले, तोच शेजारच्या बिऱ्हाडातली इंजिनिअरिंगला जाणारी मुलगी चकलीचा सोऱ्या परत द्यायला आली.

"काका, आधी हात काढा!" ती ओरडलीच.

तिने समजावले ते असे. एरर ५ म्हणजे वाचताना किंवा लिहिताना खोळंबा झाला, एवढेच. दोष पेन ड्राइव्हचा असेल, आतल्या केबलचा असेल किंवा डिस्कचा असेल. पण डिस्कच आजारी असेल, तर प्रत्येक खटपटीत ती आणखी खचते.

तिने आधी उतरवून घेतलेल्या फाइलचा 'चेकसम', म्हणजे अंगठ्याचा ठसाच म्हणा, मूळ ठशाशी ताडला. तो जुळला. मग ती फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर भरली आणि काहीही न बसवता लिनक्स त्यावरूनच चालवले. ही सोय मला ठाऊकच नव्हती!

१९५६ साली आय.बी.एम.ने पहिली हार्ड डिस्क काढली, तेव्हा २४ इंची ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आजची तबकडी त्याहून कितीतरी शहाणी; ती स्वतःच्या दुखण्यांची रोजनिशी लिहिते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. त्यातल्या तीन ओळी मुलीने दाखवल्या. 'रीअलोकेटेड' म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा. 'पेंडिंग' म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणाऱ्या जागा. 'सी.आर.सी.' म्हणजे वाटेतली चूक. हा आकडा वाढला की बहुधा केबल दोषी. आमच्याकडे सी.आर.सी. शून्य, पेंडिंग २४. केबल निर्दोष सुटली. आजारी होती ती डिस्क.

"आता दुरुस्ती नाही, काका. आधी आतलं बाहेर काढायचं."

डिस्कवर काहीही लिहिले जाणार नाही अशा बेताने ती जोडून घेतली आणि बाहेरच्या डिस्कवर नक्कल सुरू केली. आधी आवाज, मग फोटो. अडेल ते सोडून पुढे जायचे. उरलेल्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा चिवट प्रोग्रॅम. तो सोपा भाग आधी वाचतो आणि अवघडाकडे पुन्हा पुन्हा वळतो. रात्रीचे अकरा वाजले. चार फोटो गेले ते गेलेच. आवाज मात्र सगळे आले. "आधी मांडी घाल, मग गोष्ट!" दादांचा दरडावणीचा सूर खोलीत घुमला. वहिनी चकल्यांचा झारा हातात घेऊन दारात कितीतरी वेळ उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वाशीहून नवी एस.एस.डी. आणली. तिच्यावर लिनक्स विनातक्रार बसले. दादांच्या ठेव्याची एक प्रत नेरूळला आणि दुसरी माझ्या घरी, अशी व्यवस्था झाली.

तेव्हा वाचकहो, यंत्राला हात लावण्यापूर्वी आतले सामान दुसरीकडे हलवा. घर रंगवताना आपण देव आधी हलवतो, तसेच हे!

जाता जाता एक कबुली. आधी दोनदा कळ दाबली होती, हे वहिनींना अजून ठाऊक नाही. पण हा अंक त्यांच्याकडे जातोच. वहिनी, या वर्षी चकल्या दोन कमी दिल्यात तरी चालेल!