वहीला धनी नसला तर?

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या कोऱ्या वहीवर हळदकुंकू वाहतात. त्या वहीत कोणी भलतेसलते खरडू लागला, तर शेटजी त्याचा हात धरतील. पण वहीला शेटजीच नसले तर?

अशी वही असते का, असे वाचक विचारतील. असते! बिटकॉइन हे आभासी चलन २००९ सालापासून चालू आहे. ते म्हणजे मुळात एक जगड्व्याळ खातेवही. तिच्या नकला हजारो संगणकांवर असतात आणि साधारण दर १० मिनिटांनी तिला नवे पान जोडले जाते. तिचा कर्ता सातोशी नाकामोटो या टोपणनावाने वावरला. तो खरा कोण, हे आजही गूढच आहे.

आरंभी नोंद करणे जवळजवळ फुकट होते. एखाद्या टवाळाने निरर्थक नोंदींनी पानेच्या पाने भरली तर? म्हणून २०१० मध्ये पानाला १ मेगाबाइटची मर्यादा आली. गरज पडल्यास ती पुढे वाढवता येईल, असे नाकामोटोने सुचवलेही होते. पुढे तो दिसेनासा झाला. मर्यादा मात्र राहिली!

गिऱ्हाईक वाढले, पाने भरली, शुल्क चढले. पान मोठे करा, असा एका पक्षाचा धोशा. मोठी पाने घरच्या संगणकाला पेलणार नाहीत आणि वही चार बड्यांच्या हाती जाईल, ही दुसऱ्याची भीती. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. अखेर ऑगस्ट २०१७ मध्ये वाटण्या झाल्या. मोठ्या पानांचे ‘बिटकॉइन कॅश’ वेगळे निघाले. मूळ वहीने सह्यांच्या मजकुराला मापात सूट देऊन जागा काढली.

आणि २०२३ मध्ये लोक त्या सवलतीच्या जागेत चक्क चित्रे कोंबू लागले! हा गैरवापर आहे, असा ओरडा झाला. चित्रवाले म्हणाले, “शुल्क मोजले आहे, मग चौकशा कशाला?” पण शुल्क मिळते पान जोडणाऱ्याला, भार पडतो वही बाळगणाऱ्या सगळ्यांवर. उलट, आज चित्रे अडवली, तर उद्या कोणाचा सरळ व्यवहारही ‘नकोसा’ ठरणार नाही कशावरून?

आमच्या मते, टवाळाला अडवायला कडी जरूर लावावी. मात्र ती कोणी, केव्हा काढायची, हे लावतानाच ठरवावे. घराला धनी नसेल, तर हे आधी ठरवावे आणि कडी मागाहून लावावी.