पहिली परदेश सहल : मलेशिया की थायलंड?

आपल्या समाजातील लहान-मोठ्या व्यापारी कुटुंबांच्या खर्चात अलीकडे एका नव्या रकमेची भर पडली आहे. दुकान, घर, मुलांचे शिक्षण आणि लग्नकार्य यांच्या जोडीला आता परदेश सहल आली. २०२३ च्या अखेरीस आधी थायलंडने व पाठोपाठ मलेशियाने भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश खुला केला. तेव्हापासून सहलीचा विषय निघाला की हीच दोन नावे पुढे येतात. दोन्ही देश चार-पाच तासांच्या विमानप्रवासावर आहेत आणि दोन्हीकडे समुद्र आहे, डोंगर आहेत, बाजार आहेत. मग निवड कशावर करावी?

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कुटुंबासह पहिलीच सहल असेल तर मलेशियाला जावे. थायलंडला व्यापाऱ्याने एकट्याने, खरेदीच्या कामासाठी जावे. आणि ही दोन कामे एका तिकिटात उरकण्याचा मोह टाळावा.

सहल कोणासाठी?

रत्नागिरी, रायगड किंवा मुंबईच्या मोहल्ल्यांतील पुरुषाला परदेश नवा नाही. नोकरीच्या निमित्ताने आखातात दहा-पंधरा वर्षे काढलेली माणसे घरोघरी आहेत. विमानतळ, इमिग्रेशन, परकी भाषा यांची त्यांना सवय असते. घरातल्या बाईचे तसे नाही. नवऱ्याच्या पाठीमागे तिने घर, मुले आणि सासू-सासरे सांभाळले. उमरा झाला असेल तर तो इबादतीचा सफर होता. विश्रांतीसाठी म्हणून ती प्रथमच देशाबाहेर पडते आणि अनेकींच्या बाबतीत ती संधी पुन्हा येत नाही. म्हणून आम्ही या निवडीला एकच कसोटी लावतो : त्या पाच-सात दिवसांत घरच्या बाईला विश्रांती मिळते का?

ही कसोटी वाटते तितकी किरकोळ नाही. हलाल अन्नाची खात्री नसली की आपली कुटुंबे काय करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. बॅगेत तांदूळ, डाळ, मसाला आणि विजेची शेगडी भरली जाते. मग सकाळी सर्वजण तयार होत असताना तीच बाई हॉटेलच्या खोलीत खिचडी टाकत असते. लाखभर रुपये खर्चून तिचे स्वयंपाकघर फक्त दुसऱ्या देशात हलवले जाते.

जेवण आणि नमाज

मलेशियात ही शेगडी घरी ठेवून जाता येते. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ६३.५ टक्के लोक मुस्लिम आहेत. हलाल प्रमाणपत्र 'जाकीम' हे सरकारी खाते देते आणि त्याचा शिक्का हॉटेलच्या दारावर व बिस्किटाच्या पुड्यावरही दिसतो. तमिळ मुस्लिमांची 'मामक' नावाने ओळखली जाणारी उपाहारगृहे तर रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. तेथील 'रोटी चनाई' आपल्या पराठ्याची सख्खी बहीण आहे आणि पिनांगचा 'नासी कंदर', म्हणजे भात आणि त्यावर निरनिराळी कालवणे, आपल्याकडच्या माणसाला परका वाटत नाही. मुलेही कुरकुर न करता जेवतात.

मात्र मुस्लिम देश म्हणून डोळे मिटून जेवायला बसू नये. तेथे चिनी वस्ती मोठी आहे आणि दारूही मिळते. काही उपाहारगृहांवर 'डुकराचे मांस नाही' एवढीच पाटी असते. त्यावरून तेथील जेवण हलाल ठरत नाही. पाटीऐवजी शिक्का पाहावा.

नमाजची सोय हा दुसरा मुद्दा. विमानतळ, बाजारसंकुले, महामार्गावरील थांबे अशा ठिकाणी 'सुराव' म्हणजे नमाजची खोली असते. स्त्रियांसाठी जागा वेगळी असते आणि नमाजसाठी अंगावर घेण्याची वस्त्रेही बहुधा तेथे टांगलेली असतात. क्वालालंपूर विषुववृत्ताजवळ असल्याने नमाजच्या वेळा वर्षभर फारशा हलत नाहीत. मगरीब बाराही महिने सात ते साडेसातच्या दरम्यान होते. दोन नद्यांच्या संगमावरील १९०९ ची मशीद जामेक, १९६५ साली खुली झालेली राष्ट्रीय मशीद आणि तिच्याजवळचे इस्लामी कला संग्रहालय ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. आपल्याकडे ज्या बाईला मशिदीत पाऊल ठेवायला क्वचितच मिळते, तिच्यासाठी तो दिवस साधा नसतो.

थायलंडवर अन्याय नको

थायलंडमध्ये मुसलमानाला जेवायलाच मिळत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. दक्षिणेकडील पट्टानी, याला व नराथिवात हे प्रांत मुस्लिमबहुल आहेत. क्राबी आणि फुकेतकडे जुनी मुस्लिम वस्ती आहे. फांग-न्गाच्या खाडीत को पान्यी नावाचे मुस्लिम कोळ्यांचे गाव चक्क पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभे आहे आणि त्याला मशीदही आहे. बँकॉकच्या बांग राक भागात हारून मशीद आहे. हलाल प्रमाणपत्र देणारी तेथील मुस्लिमांची मध्यवर्ती परिषद आहे आणि चुलालोंगकोर्न विद्यापीठात हलाल विज्ञानाचे केंद्रही आहे.

पण बँकॉकमध्ये या गोष्टी शोधाव्या लागतात. म्हाताऱ्या आईला आणि दोन मुलांना घेऊन भर दुपारी हलाल जेवण शोधत फिरणे, ही सहल नव्हे. शिवाय स्वस्त पॅकेजमध्ये बँकॉकसोबत पटाया हमखास जोडलेले असते. पटायाची रात्रीची ओळख कशासाठी आहे हे आम्ही लिहायची गरज नाही. मुलीबाळींना घेऊन तेथे दोन रात्री काढायच्या का, याचा विचार पैसे भरण्यापूर्वी करावा.

हंगामाचाही प्रश्न आहे. आपल्या शाळांना सुटी एप्रिल-मेमध्ये. बँकॉकचा कडक उन्हाळा त्याच महिन्यांत असतो आणि फुकेत-क्राबीच्या किनाऱ्यावर मे महिन्यापासून पावसाळा लागतो. क्वालालंपूरला वर्षभर सारखीच दमट हवा असते. दुपारनंतर जोराची सर येते आणि बहुधा लवकर उघडते. थंड हवा हवी असेल तर चहाच्या मळ्यांचे कॅमेरॉन हायलँड्स रस्त्याने गाठता येते. दिवाळीच्या सुटीनंतर जाणाऱ्यांना मात्र थायलंडची हवा उत्तम मिळते, हे मान्य केले पाहिजे. मलेशियालाही ईदच्या आसपास जाऊ नये. लोक आपापल्या गावी जातात, दुकाने बंद असतात आणि वाहनांना गर्दी उसळते.

व्यापार वेगळा, सहल वेगळी

खर्चाच्या बाबतीत थायलंड बहुधा स्वस्त पडते, हे आम्ही नाकारत नाही. बाजारासाठी तर बँकॉक पाहण्यासारखे आहेच. प्रातुनाम आणि बो बे येथे तयार कपड्यांचा ठोक व्यापार चालतो. चायनाटाऊनमधील साम्पेंगच्या गल्लीत बांगड्या, क्लिपा, खेळणी, शोभेच्या वस्तू यांचे ढीग असतात. रत्नांच्या धंद्यातील लोकांना चंताबुरीचे नाव सांगायला नको. ज्याचे कापडाचे वा कटलरीचे दुकान आहे त्याने हे बाजार जरूर पाहावेत.

पण एकट्याने पाहावेत. 'फॅमिलीही फिरेल, मालही येईल' या हिशेबात दोन्ही बुडतात. घरचे लोक हॉटेलात वाट पाहत बसतात आणि व्यापारी घाईत भाव करतो. त्याहून वाईट म्हणजे दुकानाचा माल बायको-मुलांच्या बॅगांत वाटून आणला जातो. प्रवाशाला मिळणारी जकातीची सवलत वैयक्तिक वापराच्या सामानासाठी आहे. विक्रीचा माल त्यात बसत नाही. त्यासाठी आयात-निर्यात परवाना क्रमांक काढावा आणि रीतसर बिलाने माल मागवावा. मुलाच्या बॅगेत लपवलेल्या मालातून होणाऱ्या कमाईत बरकत कसली? आणि विमानतळावर बॅगा उघडल्या गेल्या तर मुलांच्या लक्षात सहल राहत नाही, तो प्रसंग राहतो.

हीच गोष्ट दुसऱ्याच्या पार्सलची. गावाकडची माणसे विश्वासाने पुडकी देतात. खसखशीसारख्या घरगुती जिनसेपायी आखातात काय अडचण येते, हे तेथे राहिलेल्यांना ठाऊक आहे. मलेशिया आणि थायलंड या दोन्ही देशांत अमली पदार्थांचे कायदे अत्यंत कडक आहेत. स्वतः न बांधलेले पुडके बॅगेत घेऊ नये, मग देणारा कितीही जवळचा असो.

पैसे भरण्यापूर्वी

'मुस्लिम पॅकेज' या नावाखाली कोणी जादा आकार घेत असेल तर तो कशाचा, हे विचारावे. मलेशियात जी सोय कोपऱ्यावर मिळते तिचे वेगळे पैसे कशाला? मलेशियात परदेशी पाहुण्याकडून हॉटेलच्या प्रत्येक खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर घेतला जातो. तो पॅकेजमध्ये धरला आहे की नाही, ते लिहून घ्यावे. पॅकेजमध्ये गेंटिंग हायलँड्स असेल तर तेथे जुगारघर आहे हे माहीत असावे. रोपवेपुरते जाऊन परत येता येते. आगमनाचा फॉर्म दोन्ही देशांत आता ऑनलाइन भरावा लागतो : मलेशियाचा १ जानेवारी २०२४ पासून, थायलंडचा १ मे २०२५ पासून. सरकारी संकेतस्थळावर तो मोफत आहे. त्याची फी मागणाऱ्यापासून दूर राहावे. व्हिसा सवलतीची मुदत आणि अटी बदलत असतात, त्या तिकीट काढण्यापूर्वी पाहाव्यात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस कापला जातो. त्याचे दर बदलत आले आहेत. पण ती रक्कम आयकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते. जो विवरणपत्र भरत नाही त्याचे पैसे तसेच पडून राहतात. पावती जपावी आणि ती आपल्या कर सल्लागाराकडे द्यावी.

राहिला प्रश्न रकमेचा. 'आधी फिरा, मग हप्ते भरा' ही जाहिरात व्याजाचीच आहे. ऐपत नसताना व्याज भरून विश्रांती घेण्यात विश्रांती नाही. भिशीतून, दरमहा बाजूला काढलेल्या रकमेतून वर्ष-दोन वर्षांत ही सहल होऊ शकते. ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे त्याने आधी हजचा विचार करावा, हे वेगळे सांगायला नको. याबाबतीत मलेशियाचेच उदाहरण घ्यावे. हजसाठी शेत आणि गुरे विकणाऱ्या गावकऱ्यांना थोडे थोडे साठवता यावे म्हणून अर्थतज्ज्ञ उंकू अझीझ यांनी १९५९ साली बिनव्याजी बचतीची योजना मांडली. १९६३ साली त्यातून संस्था उभी राहिली आणि पुढे ती 'तबुंग हाजी' म्हणून नावारूपाला आली. आपण त्या देशाचे उंच मनोरे पाहून येतो. ते पाहावेतच, पण ही बचतीची रीतही सोबत आणावी.

आमच्या वाचकांपैकी जे येत्या सुटीचा विचार करीत आहेत त्यांना आमची एवढीच विनंती आहे. एजंटचे रंगीत पत्रक वाचण्याआधी घरच्या बाईला विचारा, तुला काय पाहायचे आहे आणि तुला काय करायचे नाही? आम्हाला वाटते, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ती चटकन देईल.