छळ हा पुरावा नव्हे

प्रस्थापित वैद्यकाशी भांडलेल्या शास्त्रज्ञांची चरित्रे आणि माहितीपट यांना सध्या बरे दिवस आले आहेत. साचा ठरलेला: एकटा पडलेला माणूस, मत्सरी सहकारी, कंपन्यांचा कट आणि शेवटी काळाने दिलेला न्याय. या रांगेत कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय हटकून दिसतात आणि त्यांच्याच शेजारी बर्कलीचे पीटर ड्यूसबर्गही. हा शेजार खटकतो.

इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली २५ जुलै १९७८ रोजी. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात मुखोपाध्यायांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. लुईसच्या वेळी स्टेप्टो आणि एडवर्ड्स या इंग्लंडमधल्या जोडीने नैसर्गिक पाळीत तयार झालेले स्त्रीबीज पोटातून दुर्बिणीने काढले होते. मुखोपाध्यायांची रीत निराळी. त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाहून अधिक बीजे तयार करवली, ती योनिमार्गाने काढली, भ्रूण गोठवून ५३ दिवस ठेवले आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडले. गोठवण्याची बाजू सुनीत मुखर्जींनी सांभाळली, स्त्रीरोगतज्ज्ञ होते सरोजकांती भट्टाचार्य. आज जिल्ह्याच्या गावातल्या आयव्हीएफ केंद्रातही ढोबळमानाने हीच वाट चालतात.

पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्षपदी कोण, तर रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक! समितीने दावा खोटा ठरवला. जपानमध्ये जाऊन काम मांडायचे निमंत्रण आले, तर सरकारने जाऊ दिले नाही. पुढे बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी मुखोपाध्यायांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांच्या ‘एक डॉक्टर की मौत’मुळे ही कहाणी घरोघरी गेली खरी, पण तिथे टेस्ट ट्यूब बेबीच्या जागी कुष्ठरोगाची लस आली. म्हणजे छळ लक्षात राहिला आणि नेमके काम तेवढे निसटले.

समितीने शंका घेतली यात वावगे काही नव्हते, हेही सांगून टाकले पाहिजे. छापील पुरावा त्रोटक होता. मुलीचे आई-वडील लोकलाजेस्तव नाव बाहेर येऊ देत नव्हते. असा दावा कुणी केला तर कागद मागायलाच हवेत. पण मागणाऱ्याला ते वाचता आले पाहिजेत आणि ज्याच्याकडे मागायचे त्याला देशाबाहेरच्या जाणकारांपुढे उभे राहण्याची मुभा पाहिजे. तिथे सरकारने दोन्हीकडून दार लावले.

ते उघडले मुंबईतल्या माणसाने. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली, आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. १९९७ मध्ये कोलकात्यात मुखोपाध्यायांचे कागद आनंदकुमारांच्या हाती पडले. ते त्यांनी बारकाईने तपासले, दुर्गाच्या आई-वडिलांशी बोलले आणि त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये लिहून टाकले की पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःच्या नावावरचा पहिला नंबर स्वतःच्या हाताने खोडण्याचा हा प्रकार आपल्याकडे फार आढळत नाही. दस्तऐवजीकरण म्हणतात ते हे. आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांवर दया केली नाही. त्यांची पद्धत तपासली आणि ती पटली.

आता ड्यूसबर्ग. माणूस सामान्य नव्हता. विषाणूंतील कर्करोगकारक जनुकावरचे त्यांचे काम पायाभूत मानले जाते, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे ते सदस्य झाले. १९८७ मध्ये त्यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो या निष्कर्षालाच आव्हान दिले. अनुदाने आटली, सहकारी दुरावले. म्हणजे छळाचा रकाना इथेही भरलेला. फरक पुढचा आहे. प्रश्न विचारायची संधी त्यांना मिळाली आणि उत्तरेही मिळाली. १९९६ नंतर एकत्रित औषधे सुरू झाली, रक्तातला विषाणू घटला आणि मृत्यूही झपाट्याने घटले. तरी ते हटले नाहीत. २००० साली दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी नेमलेल्या सल्लागार मंडळात ते जाऊन बसले. त्या देशाच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबाचे गुण गात राहिल्या, औषधे लांबत गेली. त्या दिरंगाईने ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला.

या दोघांना एकाच पंगतीत बसवले की नुकसान मुखोपाध्यायांचेच होते. ते खरे ठरले म्हणून त्यांचे नाव घ्यायचे आणि त्या पुण्याईवर ज्याचे खोटे ठरले त्याला पुढे सरकवायचे, असा हा व्यवहार आहे. बंडखोरांचे चरित्र जरूर लिहावे, चुकलेल्यांचेही लिहावे. ड्यूसबर्गवर तर जाड ग्रंथ व्हावा. मात्र तो लिहिणाऱ्याने बर्कलीतल्या प्राध्यापकाशी गप्पा मारून परत फिरू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळमधल्या दवाखान्यांत जाऊन त्या वर्षांतल्या बाळंतिणींच्या नोंदवह्या काढाव्यात, आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारे औषध कुणाला मिळाले आणि कुणाला नाही ते पाहावे, आणि ती पाने चरित्राच्या परिशिष्टात न टाकता पहिल्या प्रकरणात छापावीत.