मॅट्रिक झालेल्या माणसाला काय कळते?

“मास्तर, आई रात्रभर जागीच असत्या. सकाळी गॅसबी पेटवंना,” आमच्या वर्गातला एक पोरगा सांगत आला. मी त्या माउलीला दवाखान्यात नेले. पाच मिनिटांत ताकदीच्या औषधाची बाटली मिळाली. देवऋषी लिंबू देतो, हे बाटली देतात. रोगी सुधारला की श्रेय दोघेही घेतात; तो आपोआपच सुधारला असता काय, याचा हिशेब मात्र एकही ठेवीत नाही.

हा हिशेब गोव्यात ठेवला गेला. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेच्या मंडळींनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तीव्र नैराश्याचे ४९५ रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. नेहमीचे उपचार, थोडे सुधारून, दोघांनाही. एका गटाला त्याखेरीज सहा ते आठ भेटी. भेटायला येणारा कोण? मानसशास्त्राची पदवी नसलेला, पण शिकवून तयार केलेला साधा माणूस. सुटलेली कामे थोडी थोडी पुन्हा हाती धरायला लावायची, अडचणीची गाठ रोग्याबरोबर बसून सोडवायची, एवढेच त्याचे औषध. तीन महिन्यांनी पाहिले, तर नुसत्या उपचारांवर शंभरातले ३९ सावरले होते; भेटी मिळालेल्यांतले ६४. ते ३९ मोजले नसते तर हाही एक देवऋषीच ठरला असता, हे आमच्या संशोधन-द्वेष्ट्या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

अमरावतीकडच्या तीस खेड्यांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी असेच काम केले. नैराश्यावर उपचार घेणारे शंभरात जेमतेम ४ होते, ते दीड वर्षात २७ झाले.

यावर आमचे पदवीधर विचारतात, “अहो, मॅट्रिक झालेल्या माणसाच्या हाती मन कसे द्यायचे?” मी स्वतः मॅट्रिक! चाळीस पोरांची मने रोज माझ्या हाती देताना या गृहस्थांना कधी घोर पडला नाही. ज्याला कानात आवाज येतात, जो जीव द्यायला निघाला आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञच हवा. त्याबद्दल वाद नाही. पण आमच्याकडे मनाचा आजार म्हटले की एका टोकाला देवऋषी आणि दुसऱ्या टोकाला आंबा घाट उतरून रत्नागिरीचे मनोरुग्णालय. मधल्या साऱ्या वाटेवर बसून बोलायला एक खुर्ची नाही!

गोव्याचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरविला. आजार आमचा, माणसे आमची, पुरावाही आमच्याच मातीतला. आणि आमच्या दवाखान्यात पोहोचली ती बाटलीच. आणखी कसला पुरावा सरकारला हवा आहे?

ती बाटली संपून गेली. गॅस आता पोरगाच पेटवतो, धाकटीची वेणी घालतो आणि प्रार्थना झाल्यावर वर्गात येतो. त्याला बाहेर उभे करण्याचे मी सोडून दिले आहे.