घरबसल्या महोत्सव

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, माझी फिल्म फेस्टिवलात लागली!" मला वाटलं गोंदियाच्या एखाद्या टॉकीजमध्ये, निदान नागपुरात तरी. मी विचारलं, तिकीट काढू का? तर म्हणतो, "नाही हो, व्हर्च्युअल आहे. लिंक पाठवतो. दोनच दिवस चालेल."

नऊ मिनिटांची फिल्म, मोबाइलवर काढलेली. सालेकशाकडच्या आमच्या ताईच्या गावात रोवणीचे दिवस, बांधीत वाकलेल्या बाया, आणि पऱ्हे पोचवता पोचवता शाळेला उशीर झालेली एक पोरगी. बोलणं सगळं तिथलंच. पोरीच्या आईचं काम खुद्द ताईने केलंय. आणि मामा म्हणून सांगत नाही, पण ती कॅमेऱ्याकडे एकदाही बघत नाही!

आता हे घरबसल्या महोत्सव मला आधी फार आवडायचे, हे कबूल करतो. २०२० च्या मे महिन्यात सगळं जग दारं लावून बसलेलं असताना कान, बर्लिन, व्हेनिस, मुंबई असे एकवीस महोत्सव एकत्र आले आणि दहा दिवस यूट्यूबवर फुकट सिनेमे दाखवले. मी गच्चीवर बसून बघायचो, कारण नेटवर्क तिथेच यायचं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये गोव्याचा इफ्फीसुद्धा अर्धा थिएटरात, अर्धा ऑनलाइन झाला. त्या वर्षीच्या इंडियन पॅनोरमात राज मोरे यांचा 'खिसा' होता. एका खेड्यातल्या शाळकरी पोराला शर्टाला मोठ्ठा खिसा शिवून हवा असतो, आणि गावातल्या मोठ्या माणसांना ते खुपतं. बस्स, एवढंच. पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. असला लघुपट बघायला गोंदियातून कोण पणजीला जाणार? आमची धाव विदर्भ एक्सप्रेसपुरती, तीही लग्नकार्य असेल तर. म्हणून वाटलं होतं, चला, आता अंतर मिटलं.

अंतर मिटलं, पण भलतंच काहीतरी उगवलं. भाच्याने बाराशे रुपये फी भरली होती. (आयोजकांचं नाव घेत नाही, उगाच भांडण नको.) बदल्यात काय मिळालं? पोस्टरवर चिकटवायला पानांची कमान आणि एक प्रमाणपत्र. नंतर कळलं, फी भरणाऱ्या प्रत्येकाला ते मिळालंय. फिल्म बघितली कोणी? मी, ताई, भाऊजी, आणि भाच्याचे कॉलेजातले चारदोन मित्र. वर परीक्षकांचा एका ओळीचा शेरा : भाषा शुद्ध असायला हवी.

इथे मात्र माझं डोकं फिरलं. अहो, नागराज मंजुळे लोकांना पहिल्यांदा कळले ते 'पिस्तुल्या' या लघुपटामुळे. त्यातली माणसं काय पुस्तकी मराठी बोलतात? सालेकशाची बाई रोवणीत पुण्याच्या मराठीत बोलायला लागली तर शेजारची बाई हातातले पऱ्हे टाकून पळेल!

माझं म्हणणं इतकंच की बघणारा नसेल तर तो महोत्सव कसला? आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, जिलेबी, पाहुणे. रात्री मांडवात झाडीपट्टीचं नाटक, ते थेट पहाटेपर्यंत. वडशाची नाटक कंपनी येते, लोक तिकीट काढून, अंगावर चादर घेऊन बसतात. नाटक आवडलं नाही तर तिथल्या तिथे तोंडावर सांगतात. असा परीक्षक कुठल्या लिंकवर मिळतो हो?

म्हणून मी भाच्याला सुचवलंय की यंदा मंडईत नाटक सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मागून घेऊ. पांढरं धोतर मी देतो पडद्याला, प्रोजेक्टर आमच्या शाळामास्तर मित्राकडे आहे. मंडळाचे लोक तयार दिसतात, फक्त पडदा नाटकाच्या वेळेत उतरला पाहिजे म्हणाले. भाचा मात्र कुरकुरतोय, मांडवात आवाज नीट ऐकू येणार नाही म्हणून. आणि तो भोपाळच्या एका ऑनलाइन महोत्सवाचा फॉर्म भरायच्या बेतात आहे. तोही भरू दे, पण फी नसेल तरच.

खरी अडचण वेगळीच निघाली. ताई म्हणते, "दादा, लिंकवर दाखवलं ते ठीक. पण गावासमोर? मी तर त्या दिवशी माहेरी येऊन बसते बापा!"

तिला कोणीतरी समजावा. तुमच्यापैकी जे नातेवाईक हे वाचताहेत, त्यांनी आजच फोन करा.