दहा लाख हेक्टर आणि सह्याद्रीतला नरक्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ, नवी दिल्ली

१५ मे २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी औषधी वनस्पतींसाठी ४,००० कोटी रुपये जाहीर केले, दोन वर्षांत १० लाख हेक्टर लागवडीखाली येतील आणि शेतकऱ्यांना ५,००० कोटींचे उत्पन्न मिळेल असे सांगितले. सप्टेंबर २०२१ मध्ये जी मोहीम निघाली, तिचे उद्दिष्ट मात्र वर्षभरात ७५ हजार हेक्टर एवढेच होते. हा आकडा जमीन पाहून ठरला की अमृतमहोत्सवाचे वर्ष पाहून, याचा खुलासा मंडळाने केल्यास खानापूर आणि चंदगडचे शेतकरी ऋणी राहतील. गंगाकाठच्या ८०० हेक्टरांच्या औषधी पट्ट्याचाही घोषणेत मान राखला गेला होता; कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा बहुधा दिल्लीहून दिसत नसावी.

हेक्टर मोजून डोंगरातली झाडे वाचत नाहीत. नरक्या या सह्याद्रीतील लहान वृक्षाच्या सालीत व मुळांत कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नत्रयुक्त रसायन, असते. मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी ते १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षातून वेगळे केले, १९७२ मध्ये ते नरक्यातही सापडले आणि १९९६ मध्ये त्यापासून बनलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही कर्करोगावरील औषधे अमेरिकेत मंजूर झाली. मागणीचा भार जंगलावर पडला: झाड बुंध्याशी तोडायचे, मुळे खणायची, फोडी करून वाळवायच्या आणि पोती भरायची. वाळलेली फोड शेतातली की राखीव जंगलातली, हे नाक्यावर नजरेने कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे लावणाऱ्यावर संशय राहतो आणि तोडणाऱ्याला आडोसा मिळतो. झाडाला सीमावाद ठाऊक नाही, चोरट्या वाहतुकीला मात्र दोन राज्यांची हद्द चांगलीच सोयीची पडते.

यातले काहीही मंडळाला नवे नाही. मंडळाच्याच पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०१४-१५ मध्ये देशाची वार्षिक मागणी सुमारे ५,१२,००० टन होती, व्यापारात १,१७८ प्रजाती होत्या, त्यांपैकी २४२ प्रजातींची उलाढाल प्रत्येकी १०० टनांहून अधिक होती आणि या २४२ मधील सुमारे ७२ टक्के प्रजाती जंगलातूनच येत होत्या. ज्यांनी हे छापले, त्यांनीच वर्षभराच्या मोहिमा आखाव्यात, हे कौतुकास्पद आहे! वृक्ष मार्चअखेर पाहून वाढत नाही. अश्वगंधेसारखे एका हंगामात निघणारे पीक आणि नरक्या यांना एकाच तक्त्यात बसवणे हे अज्ञान नव्हे, ही सोय आहे.

नरक्याच्या छाटलेल्या खोडाला फुटवा येतो, म्हणून मुळांना हात न लावता आलटूनपालटून छाटणी करता येते. परंतु त्यासाठी खात्रीची रोपे, अनेक वर्षे चालणारे अर्थसाहाय्य आणि लागवडीची नोंद दाखवताच दोन्ही राज्यांत चालेल असा एकच वाहतूक परवाना लागतो. तोवर मंडळाने एवढे तरी लेखी कळवावे, की घोषित १० लाखांपैकी किती हेक्टर सह्याद्रीच्या वाट्याला आले, त्यांत वृक्षवर्गीय वनस्पती किती आणि लावलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर जिवंत किती. आकडे तालुकावार हवेत. राज्यवार बेरीज पाठवण्याची तसदी घेऊ नये.

शहापूर, बेळगाव