तारण, खंडणी आणि इंद्रायणीत बुडालेली कर्जखते

रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले, हे विधान मराठीच्या वर्गांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की पुलाचे कौतुक करून झाल्यावर पैलतीरावर काय होते हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘क्रिस्तपुराणा’चेही तेच. मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या आपण आवडीने उद्धृत करतो. ज्या वधस्तंभाच्या कथेसाठी या परक्या माणसाने हजारो ओव्या रचल्या, ती कथा मात्र अभ्यासाबाहेर राहते. ‘ख्रिस्तभक्ती ही अखेर भक्तीच’ असे एक समंजस वाक्य टाकले की अवघड भाग टाळता येतो. आम्हीही इतकी वर्षे तो टाळत आलो, हे आधीच कबूल केलेले बरे.

तो टाळता येणार नाही हे ध्यानात आले ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. टिळकांच्या ख्रिस्तविषयक कवितेवर बोलणे चालू असताना तिने विचारले, “देवाला क्षमाच करायची होती, तर नुसती करून टाकायची. त्यासाठी मरायला कशाला हवं?” प्रश्न बाळबोध वाटेल, पण ख्रिस्ती धर्मचिंतनाची अनेक शतके या एका प्रश्नात खर्ची पडली आहेत.

आपल्या ख्रिस्ती मराठीत या संदर्भात दोन शब्द येतात आणि दोन्ही व्यवहारातले आहेत. ‘खंडणी’ हा शब्द आज वर्तमानपत्रातल्या गुन्हेवृत्तात भेटतो. मराठी बायबलात मात्र तो ख्रिस्ताच्या प्राणार्पणासाठी योजलेला आहे. दुसरा शब्द ‘तारण’. तारणे या अर्थाने तो उद्धाराचा शब्द. पण सावकाराच्या दारी आपण दागिने ‘तारण’ ठेवतो तेव्हा तोच शब्द कर्जाची हमी सांगतो.

खंडणी म्हटली की ती कोणाला दिली, हा प्रश्न येतोच. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने उत्तर दिले: सैतानाला. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला ही कल्पना असह्य वाटली. लुटारूला देवाच्या मोलाची किंमत द्यायची? आणि पित्याला द्यावी, तर त्याने आपल्याला कुठे डांबले होते? अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अन्सेल्मने सगळा हिशोब नव्याने मांडला: पापाने देवाच्या सन्मानाचे ऋण झाले, ते फेडणे माणसाचे कर्तव्य, पण फेडण्याचे सामर्थ्य केवळ देवाचे, म्हणून देव माणूस झाला. युक्तिवाद रेखीव आहे, आणि त्या रेखीवपणामुळेच आम्हांला तो पटत नाही. त्यातला देव सरंजामी दरबारात बसलेला दिसतो. पुढच्या शतकातला अबेलार याच्या उलट टोकाला जातो. त्याच्या मते हे मरण प्रेमाचे दर्शन आहे, ते पाहून आपल्यात प्रेम जागे व्हावे. हे ऐकायला गोड आहे, पण विद्यार्थिनीचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. दर्शनच घडवायचे तर इतके रक्त कशाला?

आमच्या मते उत्तराची दिशा लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत आहे. वरवर पाहता तिथे कोणी किंमत देत नाही. मुलगा परततो, बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, अंगठी घालतो, मेजवानी मांडतो. पण हिशोब लावून पाहा. उधळलेला वाटा बापाचाच होता, गावादेखत धावत जाण्याची अप्रतिष्ठा त्याची, आणि थोरल्याचा रोषही त्यालाच सोसायचा आहे. (थोरल्याची तक्रार आम्हांला कधीच क्षुद्र वाटली नाही, उरलेली मिळकत त्याचीच होती, म्हणजे कापलेले वासरूही त्याच्याच वाट्यातले.) क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला. कर्ज माफ झाले म्हणून रक्कम नाहीशी होत नाही; ती सावकाराच्या अंगावर पडते.

हे समजायला मराठी वाचकाला परदेशी जावे लागत नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. त्या क्षणी कुळे मोकळी झाली आणि तुकोबांचे घर बुडाले. पौलाच्या नावाने असलेल्या कलस्सैकरांच्या पत्रात हीच प्रतिमा आहे: माणसाविरुद्धचे ऋणपत्र वधस्तंभाला खिळून रद्द केले गेले. एक कागद नदीत, एक लाकडावर. टिळकांचा पूल हा असावा, असे आम्हांला वाटते. निदान अभंगाच्या चालीपेक्षा तो अधिक भक्कम आहे.

अर्थात दोन्ही गोष्टी एक नव्हेत. तुकोबांनी धन सोडले, तेही विरक्तीतून. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा याहून धाडसी आहे: धनको स्वतःच तारण म्हणून गहाण पडला, आणि ज्यांनी त्याला खिळले त्यांच्यासाठीच पडला. अवताराने दुष्टांचा संहार करावा या अपेक्षेवर वाढलेल्या मनाला हे खटकते, खटकावेही. ‘भक्तीच ती’ म्हणून आपण ते खटकणे पुसतो, तेव्हा टिळकांची कविता मवाळ होते आणि ज्या निर्णयाने त्यांचे घर दुभंगले तो अनाकलनीय ठरतो.

एक शंका मात्र आमचीही फिटलेली नाही. पैशाचे कर्ज सावकार माफ करू शकतो. पण एकाने दुसऱ्याला नागवले, तर तिसऱ्याने क्षमा कोणत्या अधिकाराने करावी? भुकेल्याला आणि बंदिवानाला जे केले ते मलाच केले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त म्हणतो. त्या न्यायाने देवही नागवल्या गेलेल्यांत बसतो. उत्तर थोर आहे. नागवलेल्याला ते पुरेल का, हे आम्ही त्याच्या वतीने सांगू शकत नाही.

लक्ष्मीबाईंना हा जमाखर्च घरातूनच कळला होता. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहिल्या. १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. आणि टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच हाती घेतले. आपण त्यांची ‘स्मृतिचित्रे’ विनोदासाठी वाचतो. पुढच्या सत्रात ‘ख्रिस्तायन’ शेजारी ठेवून ती वाचायचे आम्ही ठरवले आहे. त्या विद्यार्थिनीलाही बोलावले आहे.